वाघाने गाय मारली, आता पुढचे चोवीस तास

गाय मेली की मालकाचा पहिला फोन मला यायचा. मग पोलीस पाटलाला, आणि वनरक्षकाला सगळ्यात शेवटी. बत्तीस वर्षं मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कोयना-वारणेच्या खोऱ्यांत. अडलेली वासरं ओढून काढली, लाळखुरकुताच्या लसी टोचल्या, आणि बिबट्याने मारलेल्या शेळ्या-कालवडींची शवविच्छेदनं किती केली त्याचा हिशेब ठेवलेला नाही. आता निवृत्त आहे. तरी जंगलाकाठच्या गावांतून बोलावणं येतंच, कारण आता पट्टेरी वाघ परत आलाय.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असे चार जिल्हे, सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. जंगल होतं, पाणी होतं, पण वाघ म्हणावा तर अधूनमधून विष्ठा नाहीतर एखादा ठसा. मे २०१८ मध्ये कॅमेऱ्यात एकाचा फोटो मिळाला, मग डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. हे नर दक्षिणेकडून, गोवा-कर्नाटकाच्या जंगलांतून तिलारी-राधानगरी अशी डोंगररांग धरून वर येतात. माद्या एवढ्या लांब सहसा जात नाहीत. म्हणून ताडोबा आणि पेंचमधून टप्प्याटप्प्याने आठ वाघ आणायचं ठरलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची पहिली वाघीण चांदोलीत आली.

वाघ पकडणं, बेशुद्ध करणं, गळ्यात रेडिओ पट्टा बांधणं, सोडणं ही तज्ज्ञांची कामं आहेत आणि ती माणसं ती नीट करतात. मी लिहितोय ते गावासाठी. माझं अनुभवाचं मत असं आहे की सोडलेला वाघ टिकणार की नाही, हे त्याने मारलेल्या पहिल्या गाईनंतरच्या चोवीस तासांत ठरतं. त्या वेळात मालकाशी कोण बोललं, कागद झाला का, मढं कुठे गेलं, एवढ्यावर.

हे हवेत बोलत नाही. जानेवारी २०२० मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीला, म्हादई अभयारण्यात, चार वाघ मेलेले सापडले. एक मादी आणि तिची तीन पिल्लं. गुरं मारल्याच्या रागातून विष घातलं होतं. जून २०२५ मध्ये कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरात पुन्हा तेच: वाघीण आणि चार पिल्लं, मेलेल्या गाईच्या मांसात विष. एका गाईपायी पाच वाघ. आमच्या सह्याद्रीत अख्ख्या प्रकल्पासाठी आठ आणायचे आहेत, तेव्हा हा हिशेब प्रत्येक सरपंचाने मनात ठेवावा.

आधी वाघ की बिबट्या ते ठरवा

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. "वाघ आला" असा फोन आला की दहांतले नऊ वेळा बिबट्याच असतो. पट्टेवाला असेल तर लोक मुद्दाम ढाण्या वाघ म्हणतात. हा फरक पहिल्या फोनवरच विचारून घ्या, कारण पुढची तयारी त्यावर अवलंबून असते.

जागेवर गेल्यावर मढ्यापाशी गर्दी करू नका. दोन माणसं पुढे, बाकीची वीस-पंचवीस पावलं मागे. ठसे पायाखाली गेले की पुरावा गेला. मऊ मातीत ठसा मिळाला तर त्यावर घमेलं नाहीतर टोपली पालथी घाला. बिबट्याचा ठसा माझ्या तळहातात मावतो, मोठ्या वाघाचा मावत नाही. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या जातीची नखं आत ओढलेली असतात म्हणून उमटत नाहीत. एवढं शाळेतल्या पोरालाही शिकवता येतं, आणि शिकवावं.

मग खाल्लंय कुठून ते पाहा. वाघ बहुतेक वेळा मागच्या फऱ्यापासून सुरुवात करतो. बिबट्या पोट-छातीकडून. चारशे किलोची म्हैस पन्नास पावलं झाडीत ओढून नेलेली असेल तर वाघच समजा. बकरं झाडावर लटकत असेल तर बिबट्या. आणि मानेला काहीच नाही पण कुशी, मांड्या, पोट सगळीकडून लचके तोडलेत, दोन तासांत अर्धं जनावर संपलंय, तर ते कोळशिंद्यांचं काम. रानकुत्रे म्हणून ज्यांना शिव्या देतो ते हेच, आणि तेही आता थोडे उरलेत.

मानेवर किंवा गळ्यावर सुळ्यांची भोकं असतात. वरच्या दोन सुळ्यांच्या भोकांमधलं अंतर टेपने मोजतात. बिबट्याचं साधारण चार-साडेचार सेंटिमीटर भरतं, वाघाचं पाचाच्या पुढे. मोजायचं काम पशुवैद्यालाच करू द्या, पण टेप गावात असू द्या, कारण आमच्या पिशवीतली टेप नेमकी त्या दिवशी दवाखान्यात राहिलेली असते.

एक गोष्ट मात्र जवळून सांगतो, कारण भांडणं हिच्यावरूनच होतात. रोगाने मेलेलं जनावर रानात पडलं की बिबट्या, तरस, कुत्री त्याच्यावर ताव मारतात, आणि मालकाला खरंच वाटतं की त्यांनीच मारलं. खरं खोटं मानेच्या कातडीखाली कळतं. एकदा पाटणच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर रात्री आठला पोहोचलो. बारा-तेरा वर्षांचा पोरगा विजेरी धरून उभा होता, त्याचा हात थरथरत होता, कारण ती त्याचीच कालवड. मी सुरीने गळ्याजवळ कातडी उभी चिरली आणि दोन्ही बाजूंना सोलली. आत सुळा गेला होता त्या भोकाभोवती तळहाताएवढा काळा-लाल साकळलेला डाग होता, बोटाला चिकटणारा. मी पोराला म्हटलं, "हे बघ, हिचं काळीज चालू होतं तेव्हा दात लागलेत. रक्त फिरत होतं म्हणून इथे साकळलं." मग मागच्या फऱ्याजवळची कातडी सोलून दाखवली. तिथेही दातांची भोकं होती, पण आत मांस फिकट, स्वच्छ. "हे मेल्यावर खाल्लंय." पोरगा दोन्हीकडे विजेरी फिरवत राहिला. त्या रात्री त्याच्या आजोबांनी मला काही विचारलं नाही, पंचनाम्यावर अंगठा दिला. डोळ्यांनी पाहिलं की माणूस मानतो.

पण हे तुम्ही स्वतः करू नका. विशेषतः नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर त्या जनावराला सुरीच काय, हातही लावू नका. ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, आणि ती माणसालाही होते.

कागद

माझी एक चूक इथे सांगणं भाग आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. एका वाडीत एका विधवा मावशींची दुभती गाय गेली. मला निरोप सकाळी मिळाला, त्या दिवशी लसीकरण होतं, मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. तोवर घरच्यांनी वास सुटतोय म्हणून गाय ओढून ओढ्याकाठी नेली होती, कुत्र्यांनी मान फाडली होती. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी अहवालात "मृत्यूचे कारण निश्चित करता येत नाही" असं लिहिलं. अक्षर न् अक्षर खरं होतं. पण त्या वाक्याने मावशींचे पैसे गेले. दहा-बारा दिवसांनी त्याच ओढ्यात एक बिबट मादी मेलेली मिळाली, तोंडाला फेस होता. विष कुणी घातलं ते कधीच सिद्ध झालं नाही आणि मला कुणाकडे बोट दाखवायचं नाही. मी त्याच दिवशी गेलो असतो तर काय झालं असतं, हे मी आजही मनात फिरवतो. त्या बिबट मादीला दूध होतं. पिल्लं शोधली, सापडली नाहीत.

म्हणून सांगतो, कागद त्याच दिवशी. क्रम असा ठेवा:

मढं जागेवरून हलवू नका. झाकायचं तर ताडपत्रीने झाका, फांद्या टाका, पण ओढू नका. मोबाइलवर फोटो काढा: आधी लांबून, मागचं झाड किंवा बांध ओळखू येईल असा, मग मानेचा जवळून, मग कानातला बिल्ला वाचता येईल असा. बिल्ला नसेल तर मोठी अडचण होते, म्हणून वाघ यायच्या आधीच सगळ्या गुरांना बिल्ले मारून घ्या. वनरक्षकाला लगेच कळवा, ४८ तासांची मुदत आहे म्हणून उद्यावर टाकू नका. वनरक्षकाचा फोन लागला नाही तर १९२६ या वनखात्याच्या नंबरावर तक्रार नोंदवा आणि नोंद क्रमांक लिहून ठेवा. पंचनाम्याला वनखात्याचा माणूस, पशुवैद्य आणि गावचे पंच लागतात. तिघे एकाच वेळी जमले तर एका तासात होतं, वेगवेगळ्या दिवशी आले तर महिना जातो. जमवायचं काम पोलीस पाटलाने अंगावर घ्यावं.

राज्यात गाय, बैल, म्हैस गेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यातलं जे कमी ते मिळतं. शेळी-मेंढीला तसंच ७५ टक्के किंवा १५,००० रुपये. माणूस दगावला तर वारसांना २५ लाख. विष घालून वन्यप्राणी मारल्याचं निघालं तर भरपाई तर जातेच, शिवाय गुन्हा दाखल होतो. वाघ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, त्यात तुरुंगवास ठरलेला.

आता खरं बोलतो. चांगली दुभती संकरित गाय लाखाच्या खाली मिळत नाही. म्हणजे भरपाई वेळेवर आली तरी पदरचे पैसे घालावे लागतात. आणि ती येईपर्यंत डेअरीचा दहा दिवसांचा पगार बंद. घरात दुधाच्या पैशावर किराणा चालत असेल, पोरीच्या एसटीचा पास निघत असेल, तर रागाचं मूळ तिथे आहे. वाघाबद्दलचं भाषण त्यावर उपाय नाही. मी ज्या ज्या गावात बोलतो तिथे एकच मागणं मागतो. गावच्या ग्राम परिस्थितिकीय विकास समितीच्या खात्यात बाजूला रक्कम ठेवा, पाच हजार का होईना, आणि पंचनाम्याच्या संध्याकाळी ती मालकाच्या हातात द्या. रोख, सगळ्यांसमोर. भरपाई आली की परत करील. दुसरं, शेजारच्या घरांनी पाळी लावून त्या घरच्या नावावर रोज दोन लिटर दूध डेअरीला घालायचं, महिनाभर. हे नवीन नाही. घर जळालं तर आपण वासे देतोच की. वाघाचं नुकसान एकट्याच्या अंगावर पडू दिलं नाही तर एकट्याच्या डोक्यात विषाचा विचार येत नाही.

जनावरांचा विमाही काढा. हप्ता जास्त वाटतो, पण दोन-तीन दुभती असतील तर काढाच.

मढं त्याला खाऊ द्या

हे ऐकून लोक माझ्याकडे बघतात. माझी गाय मारली आणि वर त्याला जेवू घालायची? हो. मोठ्या वाघाला एक गाय तीन-चार दिवस पुरते. दिवसा तो जवळच्या घळीत पडून राहतो, रात्री येऊन खातो. तुम्ही मढं पुरलंत तर तो उपाशी राहतो, आणि उपाशी वाघ दोन दिवसांत दुसरं जनावर मारतो. म्हणजे एका गाईचं नुकसान दोनवर जातं.

पंचनामा झाला की वनखातं तिथे कॅमेरा लावतं. त्या जागेकडे चार दिवस कुणी फिरकायचं नाही. गुरं दुसऱ्या बाजूला न्यायची. आणि मढ्यावर कुणी किडीचं औषध शिंपडू नये म्हणून वनखात्याच्या माणसाबरोबर गावचे दोन तरुण सकाळ-संध्याकाळ लांबून लक्ष ठेवतील. या पोरांना प्राथमिक प्रतिसाद दल म्हणतात. चंद्रपूरकडच्या गावांत अशी दलं आहेत, आपल्याकडेही प्रत्येक गावात व्हावीत. त्यात एक तरी मुलगा त्याच मालकाच्या भावकीतला घ्या. परक्याने राखण केली तर ती पाळत वाटते.

मढं घराच्या किंवा वाटेच्या अगदी जवळ असेल तर मात्र ते कुठे न्यायचं हे वनाधिकारीच ठरवतील. तुम्ही हलवू नका.

गुरं चारायची पद्धत बदला, थोडीशी

बिबट्या गोठ्यात शिरतो. वाघ सहसा शिरत नाही, तो रानात चरणारं गुरू उचलतो. म्हणून बिबट्यासाठी गोठा बंदिस्त हवा: वरपर्यंत जाळी, पक्कं दार, कुडाला भोक नको. वाघासाठी गुराखी शहाणा हवा.

ट्रॅक्टर आल्यापासून बैल आणि भाकड गाई सड्यावर मोकळ्या सोडायची चाल पडली आहे. आठ-आठ दिवस कुणी बघत नाही. हीच जनावरं आधी जातात, आणि गेल्यावर पुरावा राहत नाही, कारण कळतं तेव्हा हाडं उरलेली असतात. मोकळी गुरं सोडायची बंद करा. दहा घरांची गुरं एकत्र करून दोन जाणती माणसं पाठवा, पोराला एकट्याला पाठवू नका. दिवस मावळायच्या आत गुरं दाव्याला हवीत. गाभण गाय शेवटच्या महिन्यात घरीच बांधा. रानात व्यायली की वाराचा वास आणि वासराचं हंबरणं, दोन्ही आमंत्रणं आहेत. गळ्यात घाटी असू द्या. कारवी दाट झालेल्या घळींत गुरं घालू नका, वाघ तिथेच दुपार काढतो.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात, जिथे चराईला बंदी आहे, तिथे जनावर गेलं तर भरपाई मागायला तोंड राहत नाही. हे आधीच समजून घ्या. वैरणीची सोय करा, मका आणि गवताचं ठोंब बांधावर लावा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांना बरंच काही मिळतं: गॅस, सौर कुंपण, गोठ्यासाठी मदत. ग्राम परिस्थितिकीय विकास समितीची बैठक होते का आणि ठराव कोण लिहितं, एवढं विचारलंत तरी पुष्कळ दारं उघडतील.

हे सगळं कशासाठी, तर वाघाने मुळात गुरांकडे वळूच नये. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात. तो कळपातला दहावा हिस्सा खातो असं धरलं तर एका वाघामागे रानात पाचशे सांबरं, गवे, चितळं, रानडुकरं, भेकरं हवीत. त्यातलं एखादं भेकर आपण फाशात धरलं तर त्याच्या बदल्यात आपली कालवड जाणार. मी धनगरवाड्यांवर हा हिशेब असाच मांडतो, आणि गुरं मोजून वाढलेल्या माणसाला तो लगेच पटतो.

फासे आणि तारा

डुकरासाठी लावलेला फास डुक्कर-भेकर ओळखत नाही. मोटरसायकलची क्लचची तार वापरतात, ती वाघाच्या पायात गेली की हाडापर्यंत उतरते. बिबट्यांच्या कमरेत रुतलेल्या अशा तारा मी स्वतः कापल्यात. आठवड्यातून एकदा दलाच्या पोरांनी ओढ्याकाठच्या पायवाटा, कुंपणाची खिंडारं, पाणवठ्यांच्या वाटा चालून फासे उचलावेत. सापडलेला फास कुणाचा, हे चावडीवर ओरडून सांगू नका. पहिल्यांदा घरी जाऊन बोला.

शेताला घरच्या लाइनीतून सोडलेला करंट तर माणसालाही मारतो. सौर कुंपणाचं यंत्र सेकंदा-सेकंदाला क्षणभराचा झटका देतं, जनावर उडतं, पळतं, मरत नाही. दोन्ही तारा दिसायला सारख्या, पण एकीने विदर्भात कितीतरी वाघ गेलेत.

कुत्री आणि लसी

हे माझ्या खात्याचं, म्हणून वाघाच्या बैठकीत कुणी विचारलं नाही तरी मी बोलतो. गावठी कुत्री जंगलात शिरतात, वाघाने मारलेलं मढं चघळतात, त्यांच्या अंगावरचा रोग तिथे जातो. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यात कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग सापडला. बफरमधल्या प्रत्येक कुत्र्याला डिस्टेंपर आणि रेबीजची लस हवी, नसबंदी हवी. गुरांना लाळखुरकुत, घटसर्प, फऱ्या या रोगांच्या लसी. पावसाळ्याआधी. गवा आणि आपली गाय एकाच पाणवठ्यावर पाणी पितात. म्हाताऱ्या माणसांना बुळकांडी आठवते, ती आली की गोठे रिकामे व्हायचे आणि रानातले गवेही पडायचे. बुळकांडी २०११ साली जगातून संपली, लसीमुळेच. बाकीचे रोग आहेत तिथेच आहेत.

माणसं

वाकलेला, बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. हिरडा गोळा करणाऱ्या, भात कापणाऱ्या, सरपण आणणाऱ्या बायकांनी चार-पाचजणींनी मिळून जावं, मोठ्याने बोलत. पहाटे आणि तिन्हीसांजेला रानात जाऊ नये. शौचालय घरात असलं पाहिजे, इथे तो जिवाचा प्रश्न आहे. ही माहिती ग्रामसभेत सांगून बायकांपर्यंत जात नाही. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला सांगा, तिथे सगळ्या येतात आणि तिथे त्या प्रश्न विचारतात.

वाघ दिसला तर गर्दी होऊ देऊ नका. शंभर पोरं मोबाइल धरून झुडपाला गराडा घालतात तेव्हा वाघाला निघायला वाट राहत नाही, आणि मग जो पुढे असेल त्याच्यावर तो येतो. त्याला जंगलाच्या दिशेची एक बाजू रिकामी ठेवा. रात्र झाली की तो आपोआप जातो. फोटो लगेच ग्रुपवर टाकू नका, शिकारीही तेच ग्रुप वाचतात.

लोक साथ देतील का, असं मला शहरातली माणसं विचारतात. मी त्यांना पन्नाचं सांगतो. मध्य प्रदेशातल्या पन्नात २००९ मध्ये एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्हातून दोन वाघिणी आणल्या, पेंचमधून एक नर. नराला सोडलं तर तो आपल्या जुन्या जंगलाच्या दिशेने चालायला लागला आणि जवळजवळ महिनाभर शेतं, नद्या, गावं ओलांडत राहिला. वनखातं मागे मागे. वाटेत कुणी त्याला मारलं नाही. डिसेंबरात त्याला परत आणलं आणि एप्रिल २०१० मध्ये पन्नात पहिली पिल्लं जन्मली. तेव्हाचे क्षेत्रसंचालक आर. श्रीनिवास मूर्ती यांचं घोषवाक्य होतं, "जन समर्थन से बाघ संरक्षण". आज तिथे पन्नासहून जास्त वाघ आहेत. तो महिना मी नेहमी डोळ्यांसमोर आणतो. किती गोठ्यांवरून, किती खळ्यांवरून तो गेला असेल, आणि तेवढ्या सगळ्या घरांनी त्याला जाऊ दिलं.

आपल्याकडे डोंगरात ठिकठिकाणी वाघजाई आहे. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा करतो. अकोले-जुन्नरकडचे महादेव कोळी त्याच तिथीला वाघबारस करतात, वाघाला नैवेद्य दाखवतात. गाय आणि वाघ एकाच दिवशी. गावची वर्षाची बैठक त्याच संध्याकाळी घ्या असं मी सुचवतो. पाऊस संपलेला असतो, गुरं लांब चरायला जायची असतात, बाहेरगावची पोरं दिवाळीला घरी आलेली असतात. त्या बैठकीत दलाची नावं ठरवा, बिल्ले नसलेल्या गुरांची यादी करा, लसीकरणाची तारीख घ्या, निधी मोजा.

आणि एक पेटी भरून पोलीस पाटलाच्या घरी ठेवा. मोजायची टेप, ताडपत्री, ठशावर पालथं घालायला घमेलं, सुतळीचा मोठा बिंडा गर्दी अडवायला, पंचनाम्याचे कोरे कागद आणि दोन पेनं, वनरक्षक आणि पशुवैद्याचे नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात, पाकिटात पाच हजार रोख, आणि चांगली विजेरी. मढं नेहमी अंधार पडल्यावरच सापडतं, म्हणून विजेरीचे सेल दर अमावास्येला बदलायचे.